ताटातुटीचा रोग

हवाई बेटांवरच्या लोकांनी कुष्ठरोगाला जी नावं दिली, त्यातलं एक होतं 'माई होओकाआवाले'. 'माई' म्हणजे आजार, 'होओकाआवाले' म्हणजे वेगळं करणं. ताटातूट करणारा आजार. या नावात त्वचेवरच्या चट्ट्यांचा किंवा झडणाऱ्या बोटांचा उल्लेख नाही. हा आजार घराचं काय करतो, एवढंच त्यात आहे.

ही गोष्ट त्या बेटांवरच्या एका वस्तीची आहे. तिथे गेलेल्या एका पाद्र्याची आणि एका ननची कहाणी जगभर सांगितली जाते. दोघांनाही पुढे संतपद मिळालं. पण त्यांच्या आधीपासून, आणि त्यांच्यासोबतही, तिथे रुग्णसेवा करणारे आणखी लोक होते. त्यांचं कसलंही प्रशिक्षण झालेलं नव्हतं. बहुतेकांना त्या कामाचा पगार नव्हता. ते रुग्णांचे नवरे होते, बायका होत्या, आया होत्या, मुलं होती. त्यांना तिथे 'कोकुआ' म्हणत. कोकुआ म्हणजे मदत, आणि मदत करणारा माणूससुद्धा.

एक बेट, त्यावर आणखी एक बेट

फोनवर नकाशा उघडा आणि प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई शोधा. अमेरिकेचा किनारा तिथून जवळजवळ चार हजार किलोमीटरवर आहे. या द्वीपसमूहातलं मोलोकाई हे लांबट बेट साधारण नागपूरच्याच अक्षांशावर येतं. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर जमिनीचा एक छोटा सपाट तुकडा समुद्रात घुसलेला दिसेल. ते कलाउपापा द्वीपकल्प. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे आणि चौथ्या बाजूला दीड-दोन हजार फुटांचा उभा कडा. कड्यावरून खाली उतरणारी पायवाट २६ वळणं घेते. म्हणजे हे बेटावरचंच आणखी एक बेट. कुणाला कायमचं दूर ठेवायचं असेल तर याहून सोयीची जागा सापडणं कठीण.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हवाई हे स्वतंत्र राज्य होतं, पण त्याची माणसं झपाट्याने कमी होत चालली होती. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं तिथे पोचली आणि त्यानंतर बाहेरून एकेक रोग येत गेले. गोवर, देवी, इन्फ्लुएन्झा, गुप्तरोग. या रोगांशी तिथल्या शरीरांची कधी ओळखच झालेली नव्हती. १८७२ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या साधारण ५७ हजार भरली. कुक आला तेव्हा ती याच्या कित्येक पट असावी, असं अभ्यासक मानतात. त्यातच कुष्ठरोग पसरू लागला. ऊसमळ्यांचे मालक, सल्लागार, डॉक्टर सगळेच घाबरले. ३ जानेवारी १८६५ ला राजा पाचवा कामेहामेहा याने कुष्ठरोगाचा प्रसार रोखण्याच्या कायद्यावर सही केली. या कायद्यामुळे संशयिताला पकडून तपासण्याचा आणि रोग ठरला तर कायमचं वेगळं ठेवण्याचा अधिकार आरोग्य मंडळाला मिळाला.

६ जानेवारी १८६६ ला पहिले बारा रुग्ण या द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूला, कलावाओला, उतरवले गेले. त्यात नऊ पुरुष होते आणि तीन बायका. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसं तिथे पाठवली गेली. त्यातली बहुसंख्य मूळ हवाईयन होती.

सरकारचा हिशेब

आरोग्य मंडळाने कागदावर एक हिशेब मांडला होता. जमीन सुपीक आहे, हवा चांगली आहे. रुग्ण तिथे शेती करतील, अळकुड्या आणि रताळी पिकवतील आणि आपलं आपण भागवतील. सरकारला फार खर्च येणार नाही.

हा हिशेब का चुकला, हे समजायला कुष्ठरोग शरीरात काय करतो ते पाहावं लागेल. त्याचे जंतू त्वचेवर आणि त्वचेजवळच्या नसांवर हल्ला करतात. नस मेली की संवेदना जाते. हात चुलीतल्या निखाऱ्यावर पडला तरी कळत नाही. पायात काटा मोडून आठवडा झाला तरी दुखत नाही, मग जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. बोटं आकडतात. पापण्या मिटत नाहीत, डोळे कोरडे पडतात आणि हळूहळू दृष्टी जाते. अशा माणसाने कुदळ मारून शेती करायची आणि स्वतःची चूल स्वतः पेटवायची, अशी ही योजना होती.

आणखी एक गोष्ट. १९४० च्या दशकापर्यंत या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. म्हणजे पहिली ऐंशी वर्षं तिथे ज्याला उपचार म्हणता येईल, ती जवळजवळ सगळी शुश्रूषाच होती. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, पाणी आणणं, घास भरवणं, रात्री कुशीवर वळवणं. रुग्णाच्या हाताला जे जाणवत नाही ते दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी पाहत राहणं. हे काम करायला रोज, चोवीस तास, कुणीतरी हाताशी लागतं.

सरकारने सुरुवातीला वॉल्श नावाचं एक जोडपं तिथे नेमलं. नवरा व्यवस्थापक, बायको रुग्णांची देखभाल करणारी. एका अर्थाने या वस्तीतली पहिली सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एका जोडप्याचा संसार होता. नवरा १८६९ मध्ये वारला. कायमचा डॉक्टर पहिली बरीच वर्षं नव्हताच. नंतरच्या काळातल्या काही डॉक्टरांबद्दल असं सांगितलं जातं, की ते औषध कुंपणाच्या खांबावर ठेवून मागे सरकत किंवा काठीच्या टोकाने पट्टी उचलून जखम पाहत.

मग रोजची कामं कोण करत होतं? कोकुआ.

कायद्यात पळवाट नव्हती, पण सुरुवातीला व्यवहारात एक सूट होती. रुग्णासोबत घरातलं एखादं निरोगी माणूस जाऊ शकत असे. बोटीतून रुग्ण उतरायचा आणि मागोमाग त्याची बायको किंवा भाऊ. ही माणसं ओढ्यावरून पाणी वाहून आणायची, शेजारच्या खोऱ्यातून अळकुड्या आणून त्यांची लापशी कुटायची, झोपडी शाकारायची, आणि शेवटी खड्डाही खणायची. वस्तीत रुग्णालय म्हणून जी इमारत होती, तिथली कामंही याच माणसांच्या आणि त्यातल्या त्यात धडधाकट रुग्णांच्या हातून व्हायची.

मंडळाला ही माणसं हवीही होती आणि नकोही होती. हवी होती, कारण त्यांच्याशिवाय वस्ती एक आठवडाही चालली नसती. नकोशी होती, कारण ती फुकटचं रेशन खातील, रोग घेऊन बाहेर जातील, अशी भीती होती. रेशन रुग्णाच्या नावाने येई, कोकुआच्या नावाने नाही. रुग्ण मेला की कोकुआने तिथे राहायचं कारण संपलं, असं मंडळ धरून चाले. त्याने केलेलं काम कुठल्याही खात्यावर चढत नसे.

साठ वर्षांच्या न्यायाधीशाचा अर्ज

१८७३ मध्ये नियम कडक झाले. रुग्णांची धरपकड वाढली आणि कोकुआंना वस्तीतून हलवावं असा आग्रह सुरू झाला. त्याच वर्षी जोनाथन नापेला आपल्या बायकोबरोबर कलाउपापाला आले.

नापेला साधी असामी नव्हते. माउई बेटावर ते न्यायाधीश होते. मॉर्मन पंथ स्वीकारणाऱ्या पहिल्या हवाईयनांपैकी ते एक. त्या पंथाच्या मुख्य ग्रंथाचं हवाईयन भाषांतर करायला त्यांनी मोठी मदत केली होती. वयाची साठी आली होती. रोग झाला होता त्यांच्या पत्नीला, किटी रिचर्डसनला. नापेला स्वतः निरोगी होते. घरी राहिले असते तर मान, जमीन, मित्र सगळं होतं. ते कोकुआ म्हणून गेले.

मंडळाने त्यांचा वकूब पाहून त्यांना वस्तीचा मुकादम नेमलं, पण थोड्याच महिन्यांत काढूनही टाकलं. कारण काय, तर नियमाने ज्यांना रेशन मिळायचं नव्हतं अशा लोकांनाही त्यांनी अन्न दिलं. हातांनी काम करणाऱ्या माणसांना उपाशी ठेवायचं की नियम मोडायचा, असा प्रश्न होता आणि त्यांनी नियम मोडला. नोकरी गेली तशी तिथे राहण्याची परवानगीही धोक्यात आली.

तेव्हा नापेलांनी मंडळाला पत्र लिहिलं. त्या पत्रातला युक्तिवाद वैद्यकीय नाही. किटीशी आपलं लग्न १८४३ च्या ऑगस्टमध्ये झालं, ती तारीख त्यांनी दिली. त्या दिवशी देवासमोर शपथ घेतली होती, की आजारात आणि आरोग्यात, मरेपर्यंत बायकोची काळजी घेईन. माझं वय साठ आहे, फार दिवस उरलेले नाहीत, ते तिच्याजवळ काढू द्या. न्यायाधीश राहिलेल्या माणसाने एका कायद्यासमोर दुसरा करार ठेवला. मंडळाने त्यांना राहू दिलं.

पुढची सहा वर्षं ते तिथेच होते. काही काळाने त्यांनाही रोग झाला. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि काही दिवसांतच किटीही गेली.

त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत आली, कारण त्यांना लिहिता येत होतं, कायद्याची भाषा येत होती आणि पंथाच्या दप्तरात त्यांचं नाव होतं. ज्या शेकडो कोकुआंकडे यातलं काही नव्हतं, त्यांच्यातले बहुतेक नोंदीत सापडत नाहीत. सापडले तर एक आकडा म्हणून.

पाद्री, नन आणि हात धुण्याचा प्रश्न

नापेला आले त्याच वर्षी, मे महिन्यात, ३३ वर्षांचे बेल्जियन पाद्री फादर डेमियन कलावाओला उतरले. त्यांची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. त्यांनी पाण्याचा नळ आणवला, घरं बांधली, शवपेट्या ठोकल्या, जखमा बांधल्या, अनाथ मुलांना सांभाळलं. ते रुग्णांच्याच भांड्यातून जेवत आणि चिलीमही वाटून ओढत. कोकुआ जे घरच्या माणसासाठी करत होते, तेच डेमियन परक्यांसाठी करत होते. एका अर्थाने ते अख्ख्या वस्तीचे कोकुआ झाले. त्यांना रोग झाला आणि १५ एप्रिल १८८९ ला वयाच्या ४९ व्या वर्षी ते वारले.

डेमियन तिथे पोचले त्याच १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन नावाच्या डॉक्टरला कुष्ठरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. हा शाप नाही, पापाचं फळ नाही, वंशाचा दोष नाही, हा जंतू आहे, हे त्यातून कळलं. पण तो फार हळू पसरतो आणि सुमारे ९५ टक्के माणसांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध उपजत ताकद असते, हे कळायला पुढे बराच काळ लागला. जंतूचा शोध लागल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. 'संसर्गजन्य' हा शब्द मिळाल्यावर माणसांना वेगळं ठेवण्याला विज्ञानाचा शिक्का मिळाला.

डेमियन यांच्या अखेरच्या दिवसांत, १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये, मदर मारियान कोप मोलोकाईला आल्या. त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या एका रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. रुग्णालय कसं चालवायचं हे जाणणाऱ्या व्यक्ती. त्यांनी हात धुण्यावर आणि स्वच्छतेवर काटेकोर भर दिला. आपल्यापैकी एकाही सिस्टरला हा रोग होणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. तो खरा ठरला. जवळ जाऊनही सुरक्षित राहता येतं, हे त्यांनी तीस वर्षं दाखवलं.

म्हणजे एकोणिसावं शतक संपायच्या आतच हे समोर होतं, की कुष्ठरुग्णाची सेवा करायला त्याच्या घरच्यांना तोडावं लागत नाही. साबण, पाणी, स्वच्छ पट्ट्या आणि थोडं शिक्षण पुरतं. त्या काळी हे शिक्षण कोकुआंनाही देता आलं असतं. धोरण मात्र त्यांना कमी करत नेण्याचंच राहिलं.

नाही म्हणणारी बाई

या धोरणाची दुसरी बाजू मोलोकाईपासून दूर, काउआई बेटावर दिसली. तिथे कूलाऊ नावाचा एक गुराखी होता. त्याची बायको पिइलानी, मुलगा कालेइमानू. कूलाऊला आणि मग मुलालाही रोग झाला. त्याला मोलोकाईला जायला सांगितलं गेलं. तो जायला तयार होता, पण पिइलानीला सोबत घेऊन. ते चालणार नाही असं कळल्यावर तिघांनी कलालाऊच्या दुर्गम खोऱ्यात मुक्काम हलवला.

१८९३ च्या जानेवारीत हवाईची राणी लिलिउओकलानी हिची सत्ता उलथवली गेली आणि नवं सरकार आलं. त्याच वर्षी जूनमध्ये पकडायला आलेल्या अधिकाऱ्याला कूलाऊने गोळी घातली. मग तोफ घेऊन सैनिक आले. अवघड कड्यांत त्यांच्यातलेही काही मेले आणि पलटण परत गेली. तिघं डोंगरात राहिले. पिइलानी खेकडे, मासे, कंद शोधून आणायची, दोघांच्या जखमा बघायची. आधी मुलगा गेला, मग नवरा. दोघांनाही तिने स्वतःच्या हातांनी पुरलं, नवऱ्याला त्याच्या बंदुकीसकट. मग ती एकटी खोऱ्यातून बाहेर आली. तिला रोग कधीच झाला नाही. १९०६ मध्ये तिने सांगितलेली हकीकत हवाईयन भाषेत छापली गेली.

यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकन लेखक जॅक लंडन याने कूलाऊवर एक कथा लिहिली. ती गाजली, आजही वाचली जाते. त्या कथेतला कूलाऊ एक बंडखोर नायक आहे आणि तो एकटा मरतो. पिइलानी त्या कथेत नाही. जिने वर्षानुवर्षं त्याला जगवलं आणि ज्या ताटातुटीवरून सगळं घडलं, तीच कथेतून वगळली गेली. कोकुआंच्या वाट्याला इतिहासात जे आलं, तेच तिच्या वाट्याला कथेत आलं.

कुंपणाच्या दोन बाजू

विसाव्या शतकात कलाउपापाला डॉक्टर, परिचारिका, दवाखाना, वीज, दुकान, चित्रपटगृह सगळं हळूहळू आलं. हवाई आता अमेरिकेच्या ताब्यात होतं. १९०९ मध्ये अमेरिकन सरकारने कलावाओला एक खर्चिक संशोधन केंद्र उभारलं. तिथे प्रयोगशाळा होती, अद्ययावत यंत्रं होती आणि कर्मचारी व रुग्ण यांच्यामध्ये कुंपणं होती. शेकडो रुग्णांपैकी स्वखुशीने तिथे दाखल झाले फक्त नऊ. घरच्यांपासून एकदा तुटलेल्या माणसांना कुंपणात राहून पुन्हा शेजाऱ्यांपासूनही तुटायचं नव्हतं. काही वर्षांतच केंद्र बंद पडलं.

वस्तीत कर्मचाऱ्यांची घरं वेगळ्या रांगेत होती. रुग्णांना त्यात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. भेटायला आलेल्या नातेवाइकांसाठी एक लांबट खोली होती. मध्ये जाळी. जाळीच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा. बोटाला बोट लावता येत नव्हतं.

सगळ्यात कठोर नियम मुलांबद्दलचा होता. रुग्ण आपसात लग्नं करत, संसार मांडत. ताटातुटीच्या गावात पुन्हा घरं उभी राहत होती. पण बाळ झालं की ते जन्मतःच आईपासून उचलून पाळणाघरात नेलं जाई. आई-बाप काचेतून बघू शकत. मग ते बाळ बेटाबाहेर एखाद्या नातेवाइकाकडे किंवा अनाथालयात जाई. होनोलुलूमध्ये रुग्णांच्या मुलींसाठी १८८५ पासून एक वसतिगृह होतं. ते उघडण्यात मदर मारियान यांचाच हात होता. अनेक मुलं मोठी होईपर्यंत आपले आई-वडील कोण हे न कळता वाढली.

या नियमाची सावली सेवा करणाऱ्यांच्या घरांवरही पडली. सोळा वर्षांखालच्या मुलांना वस्तीत प्रवेश नाही. म्हणजे ज्या कर्मचाऱ्याला लहान मूल आहे, त्याने ते कड्याच्या वर किंवा दुसऱ्या बेटावर ठेवायचं आणि आपण खाली कामाला यायचं. रुग्णांची मुलं त्यांच्यापासून काढून घेतली गेली. कर्मचाऱ्यांनी आपली मुलं स्वतः दूर ठेवली. दोन्ही घरांत ताटातूट होती, पण ती समान नव्हती. एकाला सुट्टी होती, दुसऱ्याला नव्हती.

औषध आलं

एका औषधाचा धागा आपल्याकडे येतो. भारतात आणि ब्रह्मदेशात चौलमुग्रा नावाच्या झाडाच्या बियांचं तेल कुष्ठरोगावर पिढ्यानपिढ्या वापरलं जाई. त्याच कुळातलं एक झाड सह्याद्रीतही आहे, त्याला आपल्याकडे कडू कवठ म्हणतात. ते तेल प्यायलं तर मळमळ होई, टोचलं तर त्वचेखाली गाठी होत. होनोलुलूच्या कॉलेजात शिकवणाऱ्या अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने १९१५ च्या सुमारास ते शरीरात विरघळेल अशा रूपात आणलं. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या २४ व्या वर्षी ती वारली. कॉलेजच्या प्रमुखाने तिचं काम तिचा उल्लेख न करता छापलं. १९२२ मध्ये एका सहकारी डॉक्टरने तिच्या पद्धतीला तिचं नाव दिलं, पण तिला खरा मान मिळायला अनेक दशकं गेली. हा रामबाण उपाय नव्हता. सल्फोन गटाची औषधं येईपर्यंत मात्र हाच आधार होता.

सल्फोनची औषधं १९४६ मध्ये कलाउपापाला पोचली आणि जखमा भरायला लागल्या. पुढच्याच वर्षी लॉरेन्स जड तिथे व्यवस्थापक म्हणून आले. ते हवाईचे माजी गव्हर्नर, आणि ते पत्नी ईवा मेरी यांच्यासह तिथे राहायला आले. जड यांनी कुंपणं काढायला लावली, जाळ्या काढल्या. औषधाने जंतू मरत होता, पण जाळी आपोआप पडणार नव्हती. ती कुणीतरी काढावी लागली.

सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा १९६९ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत अनेकांना परत जायला घरच उरलं नव्हतं. बऱ्याच जणांनी तिथेच राहणं पसंत केलं. सरकारने त्यांना शेवटपर्यंत राहण्याचा हक्क दिला आणि १९८० मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. आजही मोठं सामान घेऊन येणारा पडाव वर्षातून एकदाच येतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तिथे आजही प्रवेश नाही.

आपल्या कायद्यात, आपल्या वॉर्डात

हे सगळं लांबच्या बेटावरचं वाटत असेल तर आपल्याकडच्या दोन तारखा बघा. कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवायची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजांचा कायदा भारतात २०१६ मध्ये रद्द झाला. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते २०१९ पर्यंत. त्या वर्षी संसदेने विवाहविषयक पाच कायद्यांतून ते काढलं. तोवर हा रोग बहुविध औषधोपचारांनी पूर्ण बरा होऊ लागल्याला तीसेक वर्षं उलटली होती. म्हणजे औषधाने बरा झालेला माणूस कायद्याच्या दृष्टीने जोडीदाराला सोडता येण्याजोगा होताच. हवाईच्या लोकांनी दिलेलं नाव आपल्या कायद्याच्या पुस्तकालाही लागू पडत होतं.

त्याच देशात याच्या उलट वागणारी घरंही झाली. बाबा आमटे आणि साधनाताई दोन लहान मुलांना घेऊन वरोऱ्याजवळच्या जंगलात कुष्ठरुग्णांसोबत राहायला गेले, तेव्हा त्यांनी मुलं कड्यावर ठेवली नाहीत. ती दोन्ही मुलं आनंदवनात वाढली आणि डॉक्टर झाली. त्यातले प्रकाश आणि त्यांच्या पत्नी मंदाकिनी, दोघेही डॉक्टर, १९७३ पासून हेमलकशाला गेले. भामरागडचा तो भाग पावसाळ्यात नद्यांनी वेढला की बेटासारखाच तुटतो. तिथेच त्यांची मुलं वाढली. या कुटुंबाचं कौतुक आपण पुष्कळ केलं आहे. पण त्यात एक साधी गोष्ट अनेकदा सुटते. मुलांना रुग्णांमध्ये वाढवणं हे कुष्ठरोगाच्या भीतीला दिलेलं प्रत्यक्ष उत्तर होतं.

आणि कोकुआ? ते आजही आहेत. आपल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात जा. पहिला प्रश्न असतो, "पेशंटबरोबर कोण आहे?" मग त्या 'कोण' माणसाने सॅम्पल घेऊन खाली जायचं, औषधं आणायची, स्ट्रेचर ढकलायचं, बेडपॅन द्यायचा, सलाइन संपत आलं की सिस्टरना हाक मारायची आणि रात्री खाटेखाली सतरंजी टाकून झोपायचं. त्याची रजा कापली जाते, रोज बुडतो. डिस्चार्ज कार्डवर त्याचं नाव नसतं. आणि बहुतेक वेळा हा माणूस बाई असते. कमी परिचारिकांवर आपले दवाखाने चालतात ते या माणसांच्या जिवावर, आणि तरी गर्दी झाली की पहिल्यांदा बाहेर काढले जातात तेही तेच.

त्यांना वॉर्डात नीट बसायला जागा, जखम कशी धुवायची आणि हात कधी धुवायचे हे सांगणारं अर्ध्या तासाचं शिक्षण, आणि एक वेळचं जेवण, एवढं देणं आजच्या दवाखान्याला अशक्य नाही. १८७३ च्या आरोग्य मंडळालाही ते अशक्य नव्हतं. नापेलांनी आपल्या मुकादमकीच्या थोडक्या काळात त्यातलं जेवण दिलं होतं. त्यासाठीच त्यांची नोकरी गेली.

कलाउपापाच्या माळावर हजारो माणसं पुरलेली आहेत आणि बहुतेकांच्या थडग्यावर आता नाव नाही. वंशजांनी आणि उरलेल्या रुग्णांनी मिळून २००३ मध्ये 'का ओहाना ओ कलाउपापा' नावाची संस्था काढली. तिथे पाठवलेल्या प्रत्येकाचं नाव शोधून ते एका स्मारकावर कोरायचं, हे तिचं काम. अनेक कुटुंबांना त्यातून पहिल्यांदाच आपल्या पणजीचं नाव मिळालं. 'ओहाना' या हवाईयन शब्दाचा अर्थ कुटुंब.